झाडं दिवसभर उन्हात उभी असतात, ती करपत कशी नाहीत? (अक्काच्या हिरव्या क्रीमवरून पेटलेला वाद)

जांबोटीकडचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरात वाद पेटलाय, म्हणून इथं आलोय.

माझी अक्का खानापुरात बचत गट चालवते. पापड, चटण्या, मेतकूट हे चालूच होतं. दिवाळीपासून तिनं 'वनस्पती सनक्रीम' काढलंय. खोबरेल तेल, मेण, हळद, गाजराच्या बियांचं तेल, कोरफड आणि परसातल्या तीन-चार पाल्यांचा रस. दिसायला हिरवट-पिवळं, वास बरा. भांगलणीला जाणाऱ्या बायका घेतात.

अक्काचं म्हणणं एवढंच: "झाड सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभं असतंय. सावलीला जात नाही, छत्री धरत नाही. तरी करपत नाही. म्हणजे त्याच्या रसात काहीतरी आहे. तोच रस आपण लावला तर आपल्याला का चालू नये?"

मला यात चूक सापडेना आणि पटेनाही. गेल्या रविवारी दाजी तेच क्रीम फासून दिवसभर शेतात राबले आणि मान सोलून घेऊन घरी आले. अक्का म्हणते, "कमी लावलंत." कुणी जाणकार आहे का?

पांगुळ_गल्ली

पुढच्या प्रयोगाला दाजींना आधी विचारा म्हणजे झालं.

रोपवाटिकावाला

झाडं करपत नाहीत हे कुणी सांगितलं? शेडनेटमधली मिरचीची रोपं एकदम उघड्या माळावर लावा आणि तिसऱ्या दिवशी पानांवरचे पांढरे चट्टे मोजा. म्हणून तर आम्ही रोपं कडक करतो. आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ नेट सरकवायचं, पाणी जरा तोडायचं. पान जाड होतं, रंग गडद होतो. मग खुशाल लावा. बी तेच, रोप तेच. म्हणजे कवच जन्मापासून नसतं, ऊन बघून रोप ते तयार करतं. कसं करतं ते मला ठाऊक नाही, पण करतं हे वीस वर्षं बघतोय.

रसायनवाला

मी मूळचा शहापूरचा, आता पोटासाठी बाहेर. प्रयोगशाळेत हाच प्रकार हाताळतो, म्हणून जरा लांबड लावतो.

रोपवाटिकावाले, तुमच्या पांढऱ्या चट्ट्यांचा सगळा दोष अतिनील किरणांना देता येत नाही. सावलीतल्या पानाला साधा उजेडसुद्धा झेपत नाही, वर उष्णता, वर पाणी कमी. पण 'ऊन बघून कवच तयार करतं' हे तुमचं वाक्य तंतोतंत खरं आहे. पानाच्या पेशीत यूव्हीआर-8 नावाचं एक प्रथिन जोडीजोडीनं बसलेलं असतं. यूव्ही-बी (अतिनीलातली एक जात) किरण पडला की जोडी फुटते, आणि सुटी झालेली प्रथिनं पेशीत वर्दी देतात की कवचाचा कारखाना सुरू करा. हे प्रथिनच यूव्ही-बी 'बघतं' हे 2011 साली सिद्ध झालं. तुम्ही नेट सरकवता तेव्हा उजेडाबरोबर ही वर्दीही जात असते.

आता किरणांचं. यूव्ही-ए म्हणजे 315 ते 400 नॅनोमीटर, यूव्ही-बी 280 ते 315, त्याखाली यूव्ही-सी. यूव्ही-सी ओझोनच्या थरात आणि हवेत वरच्यावर अडतं, यूव्ही-बीचाही मोठा वाटा तिथंच संपतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनीलात साधारण 95 टक्के यूव्ही-ए असतं. पण उरलेलं थोडकं यूव्ही-बीच जास्त खोडसाळ. ते थेट डीएनएत शोषलं जातं आणि शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या साखळीतले दुवे) एकमेकांना चिकटवून टाकतं. दाजींची मान सोलली ती मुख्यतः त्याच्यामुळं.

त्यात आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. उंची हजार मीटरनं वाढली की अतिनील साधारण 10 टक्क्यांनी वाढतं. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्याकडं बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. हवा थंड म्हणून ऊन सौम्य, हा बेळगावकरांचा जुना गोड गैरसमज.

झाडाची पंचाईत आपल्यापेक्षा मोठी. त्याला ऊन हवंच, अन्न त्याच्यावरच शिजतं. म्हणून छत्री अशी हवी की लाल-निळा उजेड आत जाईल आणि अतिनील तेवढं दारातच अडेल. ही छत्री पानाच्या वरच्या कातडीत, पेशींच्या पोकळीत साठवलेली असते. त्यात दोन घराणी मोठी. एक फ्लॅव्होनॉइडांचं, म्हणजे क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, रुटिन वगैरे. दुसरं सिनॅमिक ॲसिडाचं. दोन्हींचा कच्चा माल एकच, फिनाइलअलॅनिन हे अमिनो आम्ल. त्याच वाटेनं पुढं लाकडाला ताठपणा देणारं लिग्निनही बनतं. सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हा ऊन अडवणं आणि उभं राहणं ही दोन्ही कामं त्यांनी जवळपास एकाच भांडवलावर निभावली.

यातला सगळ्यात अभ्यासला गेलेला रेणू म्हणजे सिनॅपॉइल मॅलेट. मोहरीच्या कुळात सापडतो, 'सिनॅपिस' म्हणजेच मोहरी. त्याचं विशेष पुढच्या प्रतिसादात, आत्ता जेवायला बोलावतायत.

वडगावची_काकू

जेवून या सावकाश. तोवर मी विचारते. हळदीचं काय? आम्ही लहानपणापासून हळद लावत आलो. हळदीसारखी सोन्यासारखी वस्तू क्रीममध्ये आहे म्हटल्यावर अक्काची बाजू मला बरोबर वाटते.

वडगावचा_माग

काकू, एक सांगू का? पातळावर हळदीचा डाग पडला की तुम्ही काय करता? साबण लावला तर आधी लाल होतो. मग तसंच उन्हात वाळत टाकता. संध्याकाळपर्यंत डाग गायब.

आम्ही मागावरची माणसं. आमच्याकडं रंग दोनच जातीचे, कच्चा आणि पक्का. कच्चा रंग ऊन पितो आणि उडून जातो. पक्का रंगही ऊन पितोच, नाही तर रंग दिसलाच नसता, पण तो जागचा हलत नाही. हळद कच्ची. जी स्वतःच उन्हात टिकत नाही ती मला काय टिकवणार, असा माझा अडाणी हिशेब. रसायनवाले सांगतील चूक की बरोबर.

रसायनवाला

जेवून आलो, आणि बघतो तर मला जे सांगायचं होतं ते मागवाल्यांनी सांगून टाकलंय. मी विद्यार्थ्यांना हे समजवायला तीन तास घेतो.

आधी हळद. कर्क्युमिन शोषतं मुख्यतः 420-430 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा उजेड. म्हणून ते पिवळं दिसतं. दाजींची मान भाजणारं यूव्ही-बी त्याच्या मुख्य पट्ट्यात येतच नाही. आणि उजेड शोषला की त्याचे तुकडे पडतात. म्हणजे हळद चुकीच्या दारावर उभी आहे आणि वर रंगानं कच्ची.

आता मुख्य गोष्ट. एखाद्या रेणूनं अतिनील शोषलं म्हणजे काम झालं असं नाही. शोषलेल्या ऊर्जेचं पुढं काय करायचं हा खरा प्रश्न. रेणूनं स्वतःच फुटायचं (हळद), शेजाऱ्याला मारायचं, की उष्णता करून सोडून द्यायची?

सिनॅपॉइल मॅलेटमध्ये कार्बनचा एक दुहेरी बंध आहे. त्याच्या एका अंगाला वलय, दुसऱ्या अंगाला शेपूट. किरण शोषला की क्षणभर तो बंध सैल होतो आणि रेणू तिथं पिळला जातो, ओला पंचा पिळावा तसा. अर्ध्या पिळावर आला की वरची ऊर्जापातळी आणि तळाची पातळी एकमेकींना भिडतात, रेणू धपकन तळाला येतो आणि ऊर्जा उष्णता होऊन आजूबाजूच्या पाण्यात जिरते. हे सगळं काही दहा पिकोसेकंदांत. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या वेळात दुसरा काही अपघात घडायला सवडच मिळत नाही. खाली आल्यावर कधी रेणू मूळ रूपात असतो, कधी पिळलेल्या जुळ्या रूपात. पण ते जुळं रूपही अतिनील शोषतं आणि त्याच वाटेनं परत येऊ शकतं. म्हणून एकच रेणू पुन्हा पुन्हा कामाला येतो. हा पक्का रंग.

इंग्लंडातल्या वॉरिक विद्यापीठात वासिलिओस स्टाव्ह्रोस यांच्या गटानं अतिवेगवान लेझरचे ठोके देऊन हा पीळ मोजला. फ्रान्सच्या फ्लोरां आले यांच्या गटानं असे रेणू घडवून दिले. झाडातला रेणू आहे तसा बाटलीत भरण्यापेक्षा त्याच घडणीवर नवे रेणू करायचे अशी त्यांची दिशा. डायएथिल सिनॅपेट हा त्यातलाच एक, 2019 मध्ये त्याच्यावरचं काम छापून आलं.

बाजारातली काही सनस्क्रीनही याच सिनॅमिक घराण्याला टेकून आहेत. ऑक्टिनॉक्सेट हा सिनॅमेटच. त्याचा धाकटा भाऊ, पॅरा-मेथॉक्सिसिनॅमिक ॲसिडाचा एथिल एस्टर, तुमच्या दिवाळीच्या उटण्यात असतो. कपूरकाचरीत. उलट ॲव्होबेन्झोन हा पूर्ण कारखान्यातला, यूव्ही-ए छान शोषतो, पण एकटा ठेवला तर उन्हात झपाट्यानं मोडतो. त्याला सांभाळायला ऑक्टोक्रिलिनसारखा जोडीदार द्यावा लागतो. आणि चुकून ऑक्टिनॉक्सेटबरोबर ठेवला तर दोघं एकमेकांना खातात. सांगायचं ते हे, की झाडातला म्हणून पक्का आणि कारखान्यातला म्हणून कच्चा असा नियम नाही. तसाच उलटाही नाही.

निपाणीचा_पानवाला

पानवाला म्हणजे विड्याचं पान नव्हे, तंबाखू. आमच्या वडिलांपासून बिडीचा तंबाखू. पानाला चिकट लस असते, हात काळे होतात. त्यात काही आहे का हो असलं? सरकार तंबाखू बंद करा म्हणतंय, निदान क्रीममध्ये तरी खपेल.

रसायनवाला

हसलो, पण प्रश्न चांगला आहे. तंबाखूच्या पानात क्लोरोजेनिक ॲसिड आणि रुटिन भरपूर असतं आणि दोन्ही अतिनील शोषतात. क्लोरोजेनिक ॲसिडाचा पट्टा 325 च्या आसपास येतो. तेच रताळ्यात. आपल्याकडचं रताळं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, ते क्लोरोजेनिक ॲसिड हवेशी भिडून. पण आता क्रीमचा विचार करा. पानात ते पोकळीत बंद होतं, हवा नाही, काळं पाडणारं एन्झाइम दूर. तुम्ही पान वाटलं की सगळं एकत्र आलं आणि काळं पडायला सुरुवात झाली. तंबाखूच्या रसाबरोबर कातडीतून निकोटीनही आत जातं. ओली पानं खुडणाऱ्यांना मळमळ-चक्कर येते ती त्यामुळंच. तेव्हा नको.

अक्काच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. झाडाच्या रसात 'काहीतरी' आहे हे तिचं अगदी बरोबर. पण ते काहीतरी पानाच्या वरच्या एका थरात दाटीनं बसवलेलं असतं. पान अख्खं वाटलं की ते सगळ्या रसात पातळ होतं. त्यात ते पाण्यात विरघळणारं, आणि अक्काचं क्रीम तेल-मेणाचं, म्हणजे नीट मिसळतही नाही. वर झाड रोज नवा माल भरतं, बिघडलेला डीएनए निळ्या उजेडावर चालणाऱ्या फोटोलायेज एन्झाइमनं दुरुस्तही करतं. आपल्याकडं ते एन्झाइम नाही. कवच आणि दुरुस्ती मिळून झाड टिकतं. बाटलीत दोन्हींपैकी काहीच धड येत नाही.

कातडीची_डॉक्टर

सहसा लिहीत नाही, पण 'झाडातलं म्हणजे निरुपद्रवी' हे वाचलं की राहवत नाही. वनस्पतीतले काही रेणू नेमकं उलटं काम करतात. बावचीच्या बियांत सोरालेन असतात. ते यूव्ही-ए शोषतात आणि ती ऊर्जा घेऊन थेट डीएनएला चिकटतात. कोडावर डॉक्टर हाच परिणाम मोजूनमापून वापरतात. पण न मोजता लावलं तर फोड येतात, मग महिनोन्‌महिने काळे डाग. लिंबाच्या सालीतही त्याच जातीचे रेणू असतात, अंजिराच्या चिकातही. 'लिंबू चोळलं की कातडी उजळते' म्हणून चोळून उन्हात गेलेल्या मुली माझ्याकडं येतात. अक्काच्या 'तीन-चार पाल्यांत' नेमकं काय आहे ते आधी विचारा.

जांबोटीकडचा

विचारलं. तुळस, कडुनिंब, शेवगा आणि 'थोडं लिंबू, वासाला'. डॉक्टरबाई, लिंबू आजपासून बंद. अक्का रागावलीय, पण बंद.

तिनं विचारलंय, मेडिकलमधनं झिंक ऑक्साइडची पूड आणून मिसळली तर चालेल का?

रसायनवाला

पूड घरी मिसळली की गुठळ्या होतात. दोन गुठळ्यांमधल्या उघड्या जागेतून किरण सरळ आत. एसपीएफ (क्रीम भाजण्यापासून किती वाचवतं त्याचा आकडा) मोजताना चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम असा सारखा थर देतात. तसा थर दिला तर एसपीएफ 30 म्हणजे भाजणाऱ्या किरणांचा तिसावा भाग आत जातो. पातळ फासलं तर तिथंच संरक्षण कोसळतं. माणसं निम्मंही लावत नाहीत, हे विकतच्या क्रीमलाही लागू. शिवाय सनस्क्रीन म्हणून विकायचं तर सौंदर्यप्रसाधनाचा उत्पादन परवाना लागतो, 2020 चे नियम आहेत.

पण घरी एक गंमत बघता येईल. नोटा तपासायची 365 नॅनोमीटरची टॉर्च आणा. डोळ्यांत मारू नका. पावडरीत धुतलेला पांढरा शर्ट अंधारात तिच्याखाली निळा चमकतो. फाईलचं पारदर्शक कव्हर मध्ये धरून त्यावर क्रीम फासा. चमक विझली तर क्रीम यूव्ही-ए अडवतंय. मग तेच कव्हर दिवसभर उन्हात ठेवून पुन्हा बघा. मात्र यातून यूव्ही-बीबद्दल काहीच कळत नाही आणि एसपीएफ तर अजिबात काढू नका.

पांगुळ_गल्ली

टॉर्च आणली. शेजारच्यांच्या सगळ्या नोटा खऱ्या निघाल्या. निराशा.

जांबोटीकडचा

केलं. तपशीलवार लिहितो, कारण अक्का शेजारी बसून वाचत्येय.

कव्हरच्या एका भागावर अक्काचं क्रीम, एका भागावर दुकानातलं, मधला पट्टा कोरा. दुकानातल्याखाली शर्ट काळाठिक्कर. अक्काच्या क्रीमखाली चमक कमी झाली, आणि क्रीम स्वतःच पिवळं-हिरवं चमकायला लागलं. अक्का खूश. "बघ की, अडवतंय!" मग कव्हर गच्चीवर ठेवलं, सकाळी दहा ते चार. संध्याकाळी क्रीमचा पिवळा रंगच उडालेला. टॉर्च मारली तर तो भाग आणि कोरा पट्टा यात फरक सांगायला जवळ जाऊन बघावं लागलं. दुकानातलं होतं तसंच काळं.

अक्का पाच मिनिटं बोलली नाही. मग म्हणाली, "मागवाल्या दादांना सांग, रंग कच्चा निघाला."

वडगावचा_माग

अक्का, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या बापानं एकदा चाळीस पातळं कच्च्या रंगात विणली होती.

वडगावची_काकू

मग मोहरीचा पाला लावायचा का? त्यात तो पिळणारा रेणू आहे म्हणालात.

रसायनवाला

काकू, मोहरीची भाजी खा. वर सांगितलेली पाण्याची आणि दाटीची अडचण तिलाही आहेच. त्या रेणूचं महत्त्व दुसऱ्या एका प्रयोगातनं समजतं. मोहरीच्या कुळात अरॅबिडोप्सिस नावाचं वीतभर रोपटं आहे, जनुकांचे अभ्यासक तेच वाढवतात. साधं रोप अतिनील दिव्याखाली निळसर-हिरवं दिसतं, कारण वरच्या थरातला सिनॅपॉइल मॅलेट तसा चमकतो. ज्या रोपात एक जनुक बिघडून हा रेणू बनतच नाही, ते लाल दिसतं. किरण आतपर्यंत पोचले, हरितद्रव्यावर पडले आणि हरितद्रव्य लाल चमकलं. अशी रोपं यूव्ही-बीखाली लवकर मरगळतात.

रोपवाटिकावाले, हे तुमच्याकडं करून बघता येईल. शेडनेटमधलं पान आणि उघड्यावरचं पान, एकाच जातीचं, एकाच वयाचं. अंधारात टॉर्च मारा. कोणतं जास्त लाल?

रोपवाटिकावाला

काल रात्री नऊला केलं. आधी कुंपणावरनं कुत्री भुंकली, मग बायको.

मिरचीची दोन रोपं, एकाच ट्रेमधली, एक दहा दिवस बाहेर कडक केलेलं. टॉर्च मारल्यावर नेटमधलं पान चांगलंच गर्द लाल दिसलं, बाहेरचं मळकट तपकिरी. पान उलटं केलं तर बाहेरच्याचीसुद्धा खालची बाजू लाल. म्हणजे छत्री वरच्याच बाजूला.

एवढी वर्षं मी बोटानं पान चाचपून सांगायचो की रोप तयार झालं. आता टॉर्च खिशात ठेवतो.

एक विचारायचं राहिलं. दारातल्या आंब्याला लालसर पालवी फुटलीय, ती टॉर्चखाली जवळजवळ काळी दिसते. कोवळं पान तर कच्चं असायला पाहिजे. ती लाली छत्रीच आहे का?

रसायनवाला

लाली म्हणजे अँथोसायनिन. ते मुख्यतः हिरवा उजेड अडवतं, यूव्ही थोडंच. कोवळ्या पानाला साधा उजेडही झेपत नाही म्हणून ती तात्पुरती चादर. टॉर्चखाली काळी दिसायचं दुसरंही कारण आहे. तिथं अजून हरितद्रव्यच कमी आहे, लाल चमकणार काय? दोन्ही वेगळं काढायचं तर पंधरा दिवसांनी तीच पानं पुन्हा बघा. फांदीला दोरा बांधून ठेवा. खानापूरच्या रानात कुसुंबाची पालवी चैतात रक्तासारखी लाल असते, तिच्यावरही मारून बघा.

जांबोटीकडचा

अक्कानं उरलेल्या डब्यांवरचं 'सनक्रीम' खोडून 'हातापायाला लावायचं मलम' लिहिलंय. लिंबाशिवायचं. भांगलणीच्या बायकांना आता मलमाबरोबर लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि डोक्याला टापशी सांगते. दाजींना मोठ्या काठाची टोपी आणलीय, ते घालत नाहीत.

आणि रोपवाटिकावाल्या अण्णांना तिचा निरोप: रविवारी संध्याकाळी ती येतेय, टॉर्च चार्ज करून ठेवा, कुत्री बांधून ठेवा.